आकाशातील ‘लाइन क्लिअर’

परभणी जिल्ह्यातील मनुष्यास आगगाडी जितकी जवळची, तितकेच विमान परके आहे. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमानात बसावयाचे मनात आले तर आधी नांदेड, हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तथापि आमच्या डोक्यावरचे आकाश रिकामे नाही. उन्हाळ्यात रात्रीची जेवणे आटोपून गच्चीवर अंथरूण टाकावे आणि वर पाहत पडावे, तो एखादा दिवा लुकलुकत पूर्वेकडून येतो आणि जिंतूरच्या बाजूस नाहीसा होतो. काही वेळाने दुसरा. त्या दिव्याजवळ दोन माणसे बसलेली असतात, आणि ती शेकडो मैल दूर असलेल्या तिसऱ्या माणसाशी बोलत असतात. हे बोलणे आम्हां खालच्या लोकांस ऐकू येत नाही, आणि ऐकू आले तरी त्यातील फारसे उमगणार नाही. परंतु त्या त्रोटक, रूक्ष आणि वरवर पाहता कंटाळवाण्या बोलण्यास एक इतिहास आहे. विमाने मोठी कशी झाली, त्यांचे वेग कसे वाढले, हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. विमाने बोलावयास कशी शिकली, यावर मराठीत लिहिलेले फारसे आमच्या पाहण्यात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

विषयास आरंभ करण्यापूर्वी वाचकांस थोडे आमच्या पूर्णा जंक्शनवर न्यावयाचे आहे. निजामाच्या अमलात १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा, गोदावरीच्या खोऱ्यातला मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला, आणि परभणी, पूर्णा, नांदेड ही गावे जगास जोडली गेली. मार्ग एकेरी. म्हणजे एकाच रुळावरून जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्या. त्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांच्या मास्तरांनी एकमेकांस विचारल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, असा दंडक. त्यासच ‘लाइन क्लिअर’ घेणे म्हणतात. आमच्या लहानपणी हा विधी आम्ही डोळे भरून पाहिला आहे. मास्तर यंत्राजवळ उभे राहून घंटेचे ठोके देत, पलीकडून ठोके येत, आणि मग त्या यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर पडे. तो गोळा कातडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्यास अडकवून, ते कडे चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती दिले जाई. दोन्ही स्टेशनांची यंत्रे तारेने अशी जखडलेली की एका वेळी दोहोंपैकी एकाच यंत्रातून एकच गोळा निघावा. गोळा हातात आहे तर पुढचा मार्ग आपला. नाही तर जागचे हलावयाचे नाही. जेथे केवळ टेलिफोनवर काम चाले, तेथे मास्तर एकमेकांस एक गुप्त क्रमांक सांगत व तो वहीत लिहून घेत. निरोप खरोखर पोचला, याची ती खूण.

लहानपणी आम्हांस त्या गोळ्याचे फार आकर्षण होते, आणि तो एकदा तरी हातात घेऊन पाहावा अशी इच्छा होती. ती अर्थातच पुरी झाली नाही. आता मीटरगेज गेले, गोळाही गेला. पण विमानांच्या बोलण्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तोच गोळा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला. कारण आकाशात ड्रायव्हरच्या हातात देता येण्याजोगी कोणतीही वस्तू नाही. जे काही द्यावयाचे ते शब्दाने द्यावयाचे, आणि जे काही घ्यावयाचे तेही शब्दानेच.

आरंभी तर शब्दही नव्हता. पहिले महायुद्ध संपल्यावर लंडन व पॅरिस यांच्या दरम्यान उतारूंची विमाने सुरू झाली, तेव्हा वैमानिक खाली पाहून सडका व लोहमार्ग यांच्या अनुरोधाने जात. ७ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्सच्या पिकार्दी प्रांतात धुक्यामध्ये एक इंग्रजी टपालविमान व एक फ्रेंच उतारूविमान समोरासमोर धडकले. दोघेही एकाच सडकेवरून, एकमेकांच्या दिशेने येत होते. सात माणसे गेली. दोन उतारू-मार्गांवरील विमानांची आकाशातील ही पहिली टक्कर. एवढ्या अफाट आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळावीत याचे त्या वेळी लोकांस आश्चर्य वाटले. पण दोघांनीही आकाशाची एकेरी पायवाट करून टाकली होती, हे लक्षात घेतल्यास आश्चर्याचे कारण उरत नाही. त्यानंतर विमानात बिनतारी यंत्र असावे, मार्ग ठरवून द्यावेत, या मागणीस जोर आला. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर वैमानिकांशी प्रत्यक्ष आवाजाने बोलणारे अधिकारी बसू लागले. त्यांच्यापैकी फ्रेडरिक मॉकफर्ड नावाच्या गृहस्थास १९२३ मध्ये असे विचारण्यात आले की, संकटात सापडलेल्या वैमानिकाने कोणता शब्द उच्चारावा, जो इंग्रज व फ्रेंच दोघांसही तत्काळ कळेल? त्याने ‘मेडे’ हा शब्द सुचविला. ‘मला साह्य करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा तो इंग्रजी कानास ऐकू येणारा उच्चार. आज जगात कोठेही हा शब्द तीनदा उच्चारला की बाकीची सगळी विमाने गप्प होतात. एखाद्या शब्दास इतके सामर्थ्य क्वचितच लाभले असेल.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ जातीचे लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासेस घेऊन गेले. या उड्डाणाची कथा सर्वश्रुत आहे. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, ही गोष्ट तर हमखास सांगितली जाते. त्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही. कराची सोडल्यावर विमान कोठे आहे हे जगातील कोणासही ठाऊक नसे. ते दिसले म्हणजे आले.

पुढे यंत्रे आली, पण ती आवाजाची नव्हेत, ठोक्यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे स्वस्तात मिळालेली डाकोटा विमाने सर्वत्र उडू लागली, त्यांत वैमानिकांच्या मागे बिनतारीचा ऑपरेटर बसे व तो मोर्सच्या भाषेत जमिनीशी व्यवहार करी. त्याला कारण होते, आणि ते आमच्या परभणीच्या भूगोलावरून उत्तम समजते. स्पष्ट आवाजास सोयीच्या ज्या आखूड लहरी विमाने आज वापरतात, त्या प्रकाशाप्रमाणे सरळ जातात. पृथ्वीची गोलाई आड आली की संपल्या. नऊ हजार फुटांवरून जाणाऱ्या डाकोटास सपाट मुलखात सुमारे सव्वादोनशे किलोमीटरपर्यंतचेच क्षितिज लाभते. आता परभणीवरून मोजा. हैदराबाद सुमारे २७० किलोमीटर, नागपूर ३१०, मुंबई ४१०. म्हणजे परभणीवर आलेल्या डाकोटाला या तिन्ही शहरांपैकी एकाचाही आवाज या मार्गाने मिळावयाचा नाही. त्याला दुसऱ्या, लांबीने मोठ्या लहरींचा आश्रय करावा लागे. त्या आकाशातील वरच्या थरावर आपटून पुन्हा खाली येतात व दूर जातात, पण त्यांत वळवाच्या विजांची खरखर, दूरदेशीच्या केंद्रांची कुजबुज, सारे मिसळते. त्या गोंगाटात माणसाचा आवाज हरवतो आणि मोर्सचा ठोका मात्र तगतो. आज विमाने पस्तीस हजार फुटांवरून जातात. तेथून क्षितिज सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर असते. परभणीवरून मुंबई ऐकू येईल, पण अगदी उंबरठ्यावर. म्हणूनच मुख्य केंद्रांपासून दूर ठिकठिकाणी उपकेंद्रे उभारून केंद्राचा आवाज पुढे पोचवावा लागतो. तीन मोठ्या केंद्रांच्या मध्ये, तिघांपासूनही लांब, अशी आमच्या जिल्ह्याची आकाशातील स्थिती आहे. जमिनीवरही ती फारशी निराळी नाही. पण तो विषय वेगळा.

याच आकाशाने न बोलणारी विमानेही पाहिली आहेत. १९४८ च्या पावसाळ्यात, हैदराबाद संस्थान भारतात सामील होण्यास नकार देऊन बसले असता, सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून लँकॅस्ट्रियन विमानांनी निजामास शस्त्रे पुरविण्याचा धंदा आरंभिला. विमाने रात्रीची येत, बीदर व वरंगळ येथे उतरत. कराची आणि बीदर यांस जोडणारी रेषा मराठवाड्यावरूनच जाते. असल्या उड्डाणास मुंबईच्या नियंत्रणकेंद्रास आपले नाव, उंची व वेळ कळविणे परवडण्यासारखे नव्हते, हे उघड आहे. खाली गावोगाव रझाकारांचा धुमाकूळ चालू असताना वरून घरघर करीत जाणाऱ्या विमानांचा आवाज आमच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींच्या स्मरणात होता. ती कोणाची, हे मात्र त्यांस ठाऊक नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती विमाने बंद झाली. कॉटनवर पुढे खटला होऊन त्यास दंड झाला. आकाशात मौन पाळणारा मनुष्य काहीतरी लपवीत आहे असे समजावे, हा आजचा आंतरराष्ट्रीय व्यवहार अशाच अनुभवांतून बनला आहे.

लगेच पुढच्या वर्षी, १९४९ साली, नागपूर हे रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र झाले. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या मैदानावर एकत्र यावयाची, थैल्यांची अदलाबदल व्हावयाची आणि पहाटेपूर्वी जो तो आपल्या दिशेस परतावयाचा. वाचकांनी हे दृश्य क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. काळोखी रात्र, चारही दिशांनी चार विमाने एकाच ठिपक्याकडे येत आहेत, आणि त्यांस एकमेकांपासून दूर ठेवावयाचे साधन म्हणजे प्रत्येकाने सांगितलेली आपली उंची व वेळ. पूर्णा जंक्शनवरही मनमाड, सिकंदराबाद व हिंगोलीकडच्या गाड्या एकत्र येत. परंतु तेथे रूळ होते, सिग्नलचे हात होते, गोळा होता. येथे सारा भार शब्दावर.

मग शब्दासच गोळ्याचे वजन आणणे भाग पडले. ते कसे आणले, हे पाहण्याजोगे आहे. पहिली युक्ती अक्षरांची. इंग्रजीतील ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही अक्षरे खरखरीत सारखीच ऐकू येतात. म्हणून प्रत्येक अक्षरास एकेक नाव दिले. युद्धकाळी ‘एबल, बेकर’ अशी इंग्रज-अमेरिकन नावे होती; ती इतरांच्या जिभेस जड जात. माँट्रिऑल येथील भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल व्हिने यांच्याकडे नव्या नावांचे काम सोपविण्यात आले, निरनिराळ्या देशांच्या लोकांकडून उच्चार करवून व ऐकवून पाहण्यात आले, आणि ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही आजची माला १ मार्च १९५६ पासून लागू झाली. दुसरी युक्ती आकड्यांची. पाच आणि नऊ यांचे इंग्रजी उच्चार गोंगाटात एकमेकांत मिसळतात, म्हणून पाचास ‘फाइफ’ आणि नवास ‘नाइनर’ म्हणावयाचे. आणि संख्या एकेक आकडा सुटा करून सांगावयाची. आमच्या मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांनी पाढे म्हणणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांस रडविले आहे. उंची सांगण्याचे काम मराठी संख्यावाचकांवर सोपविले असते तर काय अनर्थ झाला असता याची कल्पना करवत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची युक्ती म्हणजे पुनरुच्चार. जमिनीने सांगितलेली उंची, दिशा, धावपट्टीचा क्रमांक वैमानिकाने जशाचा तसा परत म्हणावयाचा, आणि तो बरोबर म्हटला की नाही हे सांगणाऱ्याने कान देऊन ऐकावयाचे. हाच तो आकाशातील गोळा. आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवीत आलो की एकदा सांगितलेली गोष्ट निबंधात पुन्हा सांगू नये. आणि येथे पाहतो तो पुनरुक्ती हाच धर्म.

परंतु पुनरुच्चाराने एवढेच सिद्ध होते की शब्द पोचला. तो खरा आहे की नाही, हे त्याने सिद्ध होत नाही. याची फार कठोर साक्ष महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळाली. १९६२ च्या जुलैमधील गोष्ट. अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान सिडनीहून निघून रोमला चालले होते. बँकॉक सोडल्यावर पुढचा मुक्काम मुंबई. बँकॉक व मुंबई यांना जोडणारी सरळ रेषा आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, अंबाजोगाईच्या बाजूने जाते. म्हणजे ते विमान मराठवाडा ओलांडूनच सह्याद्रीकडे गेले असले पाहिजे. आषाढातील रात्र, बाहेर काही दिसण्यासारखे नाही. मुंबईशी संभाषण चालू होते. उतरण्याची परवानगी मागितली गेली, दिली गेली. शब्द इकडून तिकडे नीट पोचले. आणि ७ जुलै रोजी मध्यरात्र उलटल्यावर दहाएक मिनिटांनी ते विमान मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरच्या डोंगरात, साडेतीन हजार फुटांच्या आसपास आदळले. ८५ उतारू व ९ कर्मचारी, एकूण ९४ माणसे. एकही वाचला नाही.

चौकशीत असे ठरले की आपण मुंबईच्या प्रत्यक्षात होतो त्यापेक्षा बरेच जवळ आलो आहो अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने वेळेपूर्वीच उतरणीस आरंभ केला; जवळ असलेल्या साधनांनी आपले स्थान पडताळून पाहिले नाही, सुरक्षित उंचीची मर्यादा ओलांडली, आणि खालच्या मुलखाची त्यास ओळख नव्हती. हा निर्णय योग्य आहे आणि त्याविरुद्ध आम्हांस काही म्हणावयाचे नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकास त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जुन्नरचा मुलूख आम्ही पायी हिंडलो आहो. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले की देश कोठे संपतो आणि कोकण कोठे सुरू होते हे मेंढरामागच्या पोरासही कळते. कडा तेथे तुटतो. आकाशातील त्या गृहस्थास तो कडा ओलांडला की नाही, एवढेच कळावयास हवे होते. त्या संभाषणात विमानाचे स्थान हे विमानानेच सांगितलेले होते, आणि ज्याचे त्यानेच सांगितलेले ठिकाण प्रमाण मानून पुढचे सारे शुद्ध, नियमबद्ध बोलणे झाले. पूर्णेच्या मास्तराने गोळा बरोबर दिला. गाडीच दुसऱ्या रुळावर होती. पुढे जमिनीवरूनच विमानाचे ठिकाण पाहणारे रडार जागोजागी आले, ते या उणिवेवरचा उपाय म्हणून.

कधी शब्दच पोचत नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरिफ येथे दाट धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन प्रचंड बोइंग ७४७ विमाने होती. एक उडू पाहणारे डच, दुसरे त्याच पट्टीवरून हळूहळू जाणारे अमेरिकन. डच वैमानिकाने आपण उड्डाणावर आहो असे संदिग्ध वाक्य उच्चारले. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, किंचित थांबला, आणि मग उड्डाणासाठी थांबावयास सांगू लागला. त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकही घाईने बोलला की आम्ही अजून पट्टीवरच आहो. विमानांच्या बोलण्यात मुद्दामच आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरील जुन्या केंद्रांसारखी ध्वनी चढविण्याची पद्धत ठेवली आहे. दोघे एकदम बोलले तर एकाने दुसऱ्यास गुपचूप गिळून न टाकता कर्कश शीळ उठावी आणि काहीतरी बिनसले हे ऐकणाऱ्यास कळावे. त्याप्रमाणे शीळ उठलीही. डच विमानात पोचला तो ‘ओके’, आणि पुढे शीळ. ५८३ माणसे मेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा, इतर वेळी नाही, असा निर्बंध आहे. एका शब्दास अशी सोवळ्यात ठेवण्याची पाळी आली.

आणि कधी शब्द पोचतो, परतही म्हटला जातो, तरी ज्या हाताने विमान चालवावयाचे त्या हातापर्यंत जात नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरबस्तानचे बोइंग आणि दिल्लीस येणारे कझाकस्तानचे इल्युशिन हरियाणातील चरखी दादरीच्या शेतांवर एकमेकांस भिडले. ३४९ माणसे गेली. आकाशातील टकरीत एवढी मनुष्यहानी यापूर्वी वा यानंतर कोठे झालेली नाही. सौदी विमानास चौदा हजार फुटांवर राहावयास सांगितले होते, कझाक विमानास पंधरा हजारांवर. समोरून विमान येत असल्याचेही त्यास कळविले होते. उत्तर आले होते. परंतु इल्युशिनमध्ये बोलण्याचे काम वैमानिकाकडे नसून मागे बसलेल्या बिनतारी ऑपरेटरकडे होते, जुन्या डाकोटात असे तसेच. इंग्रजी कळणारा तो, आणि सुकाणू दुसऱ्यांच्या हाती. विमान पंधरा हजारांच्या खाली गेले. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकास विमान कोठे आहे हे दिसत होते, ते किती उंचीवर आहे हे दिसत नव्हते. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानाने नेमून दिलेली उंची सोडल्याचा दोष ठरला. त्यानंतर उंचीही दाखविणारे रडार, येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांस वेगवेगळे मार्ग, आणि दोन विमानांनी परस्परांस आपोआप ओळखून बाजूस सारणारे यंत्र सक्तीचे, अशा सुधारणा झाल्या.

आमचा एक जुना विद्यार्थी, पूर्णा तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा, आज विमानवाहतूक नियंत्रक आहे. गेल्या दिवाळीत तो घरी भेटीस आला असता आम्ही त्यास विचारले की तुला तुझ्या कामात भीती कशाची वाटते? आमची अपेक्षा होती की तो वादळ, धुके, यंत्राचा बिघाड असे काही सांगेल. तो म्हणाला, “सर, मला नुसत्या ‘रॉजर’ची भीती वाटते.” ‘रॉजर’ म्हणजे तुमचे म्हणणे मिळाले, समजले असा त्याचा अर्थ नाही, आणि तसे करतो असा तर मुळीच नाही. आकडे परत न म्हणता जो नुसता रॉजर म्हणतो, त्यास पुन्हा विचारावे लागते. “आणि सर, आपल्याकडच्या पोरांना पुन्हा विचारायची लाज वाटते. मलाही वाटायची. वर्गात कळलं नाही तरी आम्ही मान हलवत होतो, ते तुम्हांला ठाऊक आहेच.” आम्हांस ठाऊक होते. तीस वर्षे आम्ही त्या हलणाऱ्या माना पाहून पुढचे पान उलटीत आलो, हे मात्र आम्ही त्यास सांगितले नाही.

येथे भाषेचा प्रश्न येतोच. जमिनीवरचे केंद्र ज्या देशात असेल तेथील भाषेत बोलण्यास आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई नाही. इंग्रजी उपलब्ध असली पाहिजे, एवढाच आग्रह. १९७६ मध्ये कॅनडात क्विबेकच्या आकाशात फ्रेंच बोलू द्यावे की नाही यावरून वैमानिक व नियंत्रक यांनी काम बंद पाडण्यापर्यंत वेळ आली होती. आमच्याकडे मराठी आकाशात मराठीतून बोलण्याची मागणी अद्याप कोणी केलेली नाही, आणि मातृभाषेचे अभिमानी असूनही आम्ही ती करू इच्छित नाही. एकाच लहरीवर इटालियन, कझाक, सौदी व मराठी माणूस एकमेकांचे ऐकत असतात. त्यांतील एकाने न कळणाऱ्या भाषेत उंची सांगितली तर ती बाकीच्यांपासून लपविल्यासारखेच झाले. शिवाय ही इंग्रजी आम्ही महाविद्यालयात शिकवितो ती नव्हे. तिच्यात विशेषणे नाहीत, ‘कदाचित’ नाही, शिष्टाचार नाही. तरीही साधे इंग्रजी आले नाही तर नेमके संकटाच्या वेळी ठरीव शब्द अपुरे पडतात, हे ओळखून २००३ साली वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीसाठी किमान पातळी ठरविण्यात आली आणि २००८ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. चरखी दादरीचे स्मरण त्यामागे होते.

त्या दिवाळीच्या रात्री आम्ही दोघे गच्चीवर बसलो होतो. फटाक्यांचा धूर निवळला होता. पूर्वेकडून एक दिवा आला. त्याने घड्याळ पाहिले आणि म्हणाला की आता याला पुढच्या केंद्राची लहर दिली असेल. लहर म्हणजे सहा सुटे आकडे. वैमानिकाने ते परत म्हणावयाचे, मग यंत्राचा काटा फिरवून नव्या माणसास हाक मारावयाची. एक आकडा चुकला तर विमान ना इकडचे राहते ना तिकडचे, आणि मग १२१.५ या संकटाच्या लहरीवर त्याच्या नावाने हाका मारीत बसावे लागते. असे क्वचित होते. पण झाले तर ती मिनिटे फार लांब असतात, असे तो म्हणाला.

आम्ही विचारले, “निरोप घेताना काय म्हणतात?”

“पुस्तकात काही नाही, सर. पण पुष्कळजण नमस्कार म्हणतात. परदेशी वैमानिकसुद्धा.” दिवा तोवर जिंतूरच्या अंगाला गेला होता. “आधी आकडे परत म्हणायचे, मग नमस्कार.”